पेपर आधी मराठीत सांगा, मग इंग्रजीत लिहा

दिवाळी उरकली की माझ्याकडे रिसर्च पेपरांचे ड्राफ्ट यायला सुरुवात होते. नाशिकमधली पीजीची मुलं असतात, पीएचडीला रजिस्ट्रेशन झालेले असतात, कधी दिंडोरी-निफाडकडच्या एखाद्या कॉलेजातले सर असतात. माझा स्वतःचा विषय वनस्पतींचे रोग, त्यातही द्राक्षावरचे, त्यामुळे बहुतेक ड्राफ्ट डावणी (डाउनी मिल्ड्यू), भुरी, करपा या रोगांवरचेच. आणि सगळ्यांची मागणी एकच, "मॅडम, जरा इंग्लिश बघून द्या ना."

मी इंग्लिश बघते, नाही असं नाही. पण खरं सांगू का, दहातल्या आठ ड्राफ्टमध्ये इंग्लिश हा मुद्दाच नसतो. स्पेलिंग बरोबर असतं, व्याकरण तर आता कॉम्प्युटर सुधारून देतो, तरी पेपर शेवटपर्यंत वाचून झाल्यावर नेमकं काय सापडलं ते हाताला लागत नाही. मग मी त्या मुलाला फोन करते आणि म्हणते, पेपर बाजूला ठेव, काय केलंस ते मला मराठीत सांग. आणि तो सांगतो! असं सरळ, मुद्देसूद सांगतो की ऐकत राहावं. "मॅडम, बोर्डो एक टक्का मारा नाहीतर अर्धा टक्का मारा, आमच्या प्लॉटमध्ये डावणीत फार फरकच दिसला नाही, मग निम्मं मोरचूद वाचेल का हे बघायला पाहिजे." (बोर्डो म्हणजे मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुन्याचं फवारायचं मिश्रण.) हे वाक्य त्याच्या पेपरात कुठेच नसतं. ना ॲबस्ट्रॅक्टमध्ये, ना रिझल्टमध्ये. पेपरात काय असतं, तर द्राक्ष हे जगातल्या महत्त्वाच्या फळपिकांपैकी एक आहे इथून सुरुवात, मग भारताचं उत्पादन, महाराष्ट्राचं क्षेत्र, नाशिकची निर्यात, आणि दीड पान गेल्यावर कुठेतरी डावणीचं नाव.

म्हणून माझं ठाम मत झालंय की आपल्याकडे पेपर अवघड होतात ते इंग्रजी कच्चं असल्यामुळे नाही. आपला दावा काय आहे हे लिहिण्याआधी ठरलेलं नसतं म्हणून होतात. आणि तो ठरवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे आपली भाषा. मराठीत सांगताना आपल्याला जड शब्दांमागे लपता येत नाही. समोरचा लगेच विचारतो, "बरं, मग?" त्या "बरं, मग?"चं उत्तर म्हणजे तुमचा पेपर.

मी मुलांना सांगते की मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि तुमच्या विषयातल्या नसलेल्या माणसाला सगळं सांगा, आईला सांगा, रूममेटला सांगा, ज्यांच्या बागेत प्रयोग केला त्या नानांना सांगा. काय अडचण होती, तुम्ही काय केलं, काय निघालं, आणि त्याची खात्री कितपत. नंतर ते रेकॉर्डिंग ऐकत ऐकत इंग्रजीत लिहायला घ्या, त्याच क्रमाने. बोलताना माणूस निष्कर्ष पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाकतो, कारण ऐकणारा उठून जाईल ही भीती असते. वाचणारासुद्धा उठून जातोच, फक्त तो आपल्याला दिसत नाही.

वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा पेपर २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. जेमतेम एका पानाच्या वर थोडासा जातो, आकृती एकच. पहिल्याच वाक्यात ते सांगतात की आम्ही डीएनएची एक रचना सुचवतो आहोत. नुसतं हे पहिलं वाक्य आणि आपल्या पेपराचं पहिलं वाक्य शेजारी ठेवून बघा. आपलं कुठून सुरू होतं आणि मुद्द्यावर यायला किती वेळ घेतं ते लगेच दिसतं.

नाशिकला २०२१ च्या डिसेंबरात ९४ वं मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. तब्येतीमुळे त्यांना येता आलं नाही याची हळहळ इथल्या सगळ्यांना होती. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पेपर लिहिणाऱ्याने हेच धरून चालायचं असतं की वाचणारा आपल्याला ओळखत नाही. आपण हुशार आहोत, मेहनती आहोत, उन्हातान्हात बागेत फिरलोय, यातलं त्याला काही माहीत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद आहे.

आता मेथड्सबद्दल, म्हणजे प्रयोग कसा केला त्या भागाबद्दल, जरा सविस्तर बोलते, कारण माझ्या दृष्टीने पेपरचा खरा कस तिथे लागतो आणि लोक नेमका तोच भाग उरकून टाकतात.

बोर्डो मिश्रणाचंच घ्या. आपल्याकडे प्रत्येक द्राक्षवाल्याला ते तोंडपाठ असतं. ते आलं फ्रान्समधून. बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना १८८२ मध्ये मेदॉक भागात दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींवर लोक द्राक्षं चोरू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडलेला होता आणि नेमक्या त्याच वेलींची पानं डावणीतून वाचली होती. त्यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रण प्रसिद्ध केलं. आज नाशिक जिल्ह्यातल्या बागेत एक टक्का बोर्डो म्हटलं की त्याचा अर्थ ठरलेला आहे, १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. पण माहीतगार माणूस एवढ्यावर थांबत नाही. मोरचूद ५० लिटरमध्ये वेगळं विरघळवा, चुना ५० लिटरमध्ये वेगळा, दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत काठीने ढवळा, भांडं लोखंडी नको, प्लास्टिकचं घ्या, आणि तयार झाल्यावर त्यात कोयत्याचं घासलेलं पातं बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं करपतील, अजून चुन्याची निवळी घाला. आणि केलं त्याच दिवशी मारून टाका.

याला म्हणतात मेथड. कुठे चुकू शकतं ते यात सांगितलंय आणि चुकलं का हे ओळखायचं कसं तेही सांगितलंय. अनोळखी माणूस हे वाचून अनोळखी गावात तेच मिश्रण बनवू शकतो. आणि आपल्या पेपरात काय लिहिलेलं असतं? "बोर्डो मिक्श्चर वॉज प्रिपेअर्ड ॲज पर स्टँडर्ड प्रोसिजर." कुठली प्रोसिजर? पीएच किती होता? चुना कळीचा होता की बाजारातला विरी गेलेला, म्हणजे आधीच भुकटी झालेला? पंप पाठीवरचा होता की ट्रॅक्टरचा ब्लोअर? ब्लोअर असेल तर शेजारच्या ओळीवर फवारा उडाला असणार, मग मधल्या ओळी सोडल्या होत्या का? हे प्रश्न मी विचारले की मुलं पटापट उत्तरं देतात, म्हणजे सगळं व्यवस्थित केलेलं असतं! फक्त लिहायचं राहिलेलं असतं, कारण कोणीतरी डोक्यात भरवलंय की एवढं बारीकसारीक पेपरात शोभत नाही. शोभतं. तेच तर हवं असतं.

तारखांचंही तसंच. "स्प्रेइंग वॉज डन ऑन फिफ्टीन्थ ऑक्टोबर" असं लिहिलं की परराज्यातल्या वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि आपल्या जिल्ह्यातल्यालासुद्धा कळत नाही, कारण सटाण्याकडे अर्ली छाटणी कधीच होऊन गेलेली असते आणि त्याच तारखेला दिंडोरीत कोणी नुकती कात्री लावत असतो. एकाच तारखेला एकीकडे मणी धरलेले, दुसरीकडे डोळे फुटायचेत. बागायतदार आपसात बोलताना तारीख सांगतच नाही, तो म्हणतो "माझा प्लॉट आज पंचेचाळीस दिवसांचा आहे," म्हणजे गोडी छाटणीपासून, फळं धरण्यासाठी करतात त्या छाटणीपासून. पेपरातही दोन्ही द्या, तारीख आणि छाटणीनंतरचे दिवस. बागेत जी भाषा चालते ती इथे पुस्तकातल्या भाषेपेक्षा जास्त अचूक आहे, ती वापरायला लाजू नका.

अजून एक, हे मी प्रत्येक ड्राफ्टवर लाल पेनाने लिहिते. एका वेलीवरची दहा पानं म्हणजे दहा रेप्लिकेशन, म्हणजे प्रयोगाच्या दहा स्वतंत्र पुनरावृत्त्या, नव्हेत. ती एकाच वेलीची पानं आहेत, एकाच सावलीत, एकाच पाण्यावर. आपण सगळे जी रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन (शेताचे गट पाडून प्रत्येक गटात सगळे उपाय चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटायची पद्धत) वापरतो ती संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला १९२० च्या दशकात उभी केली तीच मुळी शेतातल्या प्रयोगांसाठी, जमिनीचा एक कोपरा भारी आणि एक हलका असतो म्हणून. तेव्हा एन (नमुन्यांची संख्या) बरोबर तीस असं लिहिलं की लगेच पुढे लिहा, तीस काय? वेली, पानं, की प्लॉट?

आता रिझल्ट. इथे एक वाक्य जवळून दाखवते, थोड्याफार फरकाने हे मला सारखं भेटतं:

"टेबल टू रिव्हील्स दॅट टी-फाइव्ह वॉज फाउंड टू बी सिग्निफिकंटली सुपीरियर ओव्हर रेस्ट ऑफ द ट्रीटमेंट्स अँड वॉज ॲट पार विथ टी-फोर."

पहिली गोष्ट, टी-फाइव्ह म्हणजे कुठली ट्रीटमेंट हे बघायला मला मागच्या पानावर जावं लागतं. तुमच्या डोक्यात टी-फाइव्ह पक्कं बसलंय, तुम्ही वर्षभर त्या पाट्या बघितल्यात, माझ्या डोक्यात ते नाही. दुसरी गोष्ट, आकडा कुठेच नाही. सुपीरियर म्हणजे कितीने? तिसरी सगळ्यात मोठी, वाक्य स्वतःलाच खोडतंय. टी-फाइव्ह बाकी सगळ्यांपेक्षा सरस आहे म्हणता आणि पुढच्याच श्वासात टी-फोरच्या बरोबरीचं आहे म्हणता. दोन्ही कसं होईल? वर्षानुवर्षं एकाच्या पेपरातून दुसऱ्याने उचलून हा साचा इतका घट्ट झालाय की लिहिणाऱ्याला ते खटकतच नाही.

हेच वाक्य मराठीत बोलून बघू. आकडे मी समजायला म्हणून घेतलेत. समजा न फवारलेल्या वेलींवर डावणीचा पीडीआय (रोगाच्या तीव्रतेचा टक्क्यांतला आकडा) ३८ होता, एक टक्का बोर्डो (टी-फाइव्ह) मारलेल्यांवर १२ आणि अर्धा टक्का (टी-फोर) मारलेल्यांवर १५. तर नानांना आपण असं सांगू, "नाना, न मारलेल्या वेलींवर डावणी ३८ होती, एक टक्क्याने ती १२ राहिली, अर्ध्या टक्क्याने १५. १२ आणि १५ मधला फरक एवढा लहान आहे की आमच्या प्रयोगात तो धरता येत नाही, तेव्हा एक टक्का जास्त चांगला की अर्धा ते यावरून सांगता येणार नाही." झालं! हेच इंग्रजीत लिहा, क्रिटिकल डिफरन्स (फरक खरा मानायला तो किमान किती हवा तो आकडा) द्या, शेवटी तक्त्याचा नंबर द्या. तक्ता हा पुरावा आहे, तो वाक्याचा कर्ता कशाला व्हायला पाहिजे?

आणि ॲट पारबद्दल एक कळकळीची विनंती. फरक सिग्निफिकंट, म्हणजे नुसता योगायोग म्हणता येणार नाही इतका, निघाला नाही याचा अर्थ दोन्ही सारखे आहेत असा होत नाही. कदाचित प्लॉट कमी होते, कदाचित त्या वर्षी पाऊसच नव्हता आणि डावणी सगळीकडेच कमी होती. "सारखे आहेत" आणि "फरक दिसला नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. उद्या कोणी तुमचा पेपर वाचून शेतकऱ्याला निम्म्या मात्रेची शिफारस करेल आणि पावसाळी वर्षात त्याची बाग जाईल. एवढं वजन त्या एका वाक्यावर असतं.

ग्राफ काढताना एरर बार (सरासरीच्या वर-खालच्या रेघा) एसडीचे (स्टँडर्ड डेव्हिएशन) आहेत की एसईचे (स्टँडर्ड एरर) हे आकृतीखाली लिहा, नाहीतर त्या रेघांना काही अर्थ नाही. आणि नुसत्या सरासरीवर विसंबू नका, ठिपके दाखवा. ॲन्सकोंब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार डेटासेट दाखवले होते, चौघांची सरासरी, व्हेरियन्स (आकड्यांचा पसारा), कोरिलेशन (दोन आकड्यांमधला संबंध) जवळपास तंतोतंत सारखं, आणि ग्राफ काढला की चार चित्रं पूर्ण वेगळी. एक सरळ रेषेत, एक कमानीसारखं, दोघांत एकच ठिपका सगळा खेळ फिरवणारा. एखाद्या प्लॉटमध्ये एकच वेल पार गेलेली असेल तर ती वाचणाऱ्याला दिसू दे.

भाषेचा प्रश्न अगदीच नाही असं मी म्हणत नाही, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. आपल्या मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि सगळी विशेषणं नामाच्या आधी रांगेत उभी राहतात. "छाटणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी अर्धा टक्का बोर्डो फवारलेल्या वेलींच्या खालच्या पानांवरची डावणी आम्ही मोजली." मराठीत हे बिनबोभाट चालतं, आपल्या कानाला सवय आहे. तेच तसंच्या तसं इंग्रजीत नेलं की कर्ता दोन ओळींचा होतो आणि पार शेवटी बिचारं "वॉज रेकॉर्डेड" येतं, तोवर वाचणारा सुरुवात विसरलेला असतो. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद जवळजवळ ठेवा, बाकीचा तपशील मागून जोडा. "वुई मेझर्ड" लिहायला घाबरू नका, आता भरपूर जर्नल्सना ते चालतं. आणि वाक्याच्या सुरुवातीला वाचणाऱ्याला आधीच माहीत असलेली गोष्ट ठेवा, नवी गोष्ट शेवटाकडे, म्हणजे पुढचं वाक्य तिथून उचलता येतं. एवढं केलं तरी परिच्छेद आपोआप वाहायला लागतो, विश्वास ठेवा.

डिस्कशनमध्ये दोन टोकं बघते. एक म्हणजे "धिस प्रूव्ह्ज", एका हंगामाच्या, एका बागेच्या डेटावर. दुसरं म्हणजे "मे पॉसिबली सजेस्ट", तीन-तीन शंका एका वाक्यात, म्हणजे काही म्हटलंच नाही. एकच शंका ठेवा आणि ती कशामुळे आहे ते सांगा. हंगाम एकच होता? तसं लिहा. रिव्ह्यूअरला ते दिसणारच आहे, तुम्ही आधी लिहिलंत तर तुमच्यावरचा भरवसा वाढतो.

आता सिमिलॅरिटीचं, म्हणजे आपला मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी किती जुळतो त्या टक्क्याचं, भूत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्याच्या वर पायऱ्या आहेत. नियम चोरी थांबवायला केलाय आणि योग्यच आहे. पण त्याच्या धास्तीने मुलं काय करतात, तर दुसऱ्याचं वाक्य घेऊन सॉफ्टवेअरमधून एकेक शब्द बदलून घेतात. कबानाक, लाबे आणि मागाझिनोव या तिघा संशोधकांनी २०२१ मध्ये अशा मोडतोड झालेल्या शब्दांचा छडा लावला, छापून आलेल्या पेपरांत "ब्रेस्ट कॅन्सर"च्या जागी "बूझम पेरिल" आणि "आर्टिफिशियल इंटेलिजन्स"च्या जागी "काउंटरफिट कॉन्शसनेस" असले शब्द सापडले. शास्त्रीय संज्ञेला पर्यायी शब्द नसतो हो. डाउनी मिल्ड्यूला डाउनी मिल्ड्यूच म्हणायचं, पेपरात वीस वेळा आलं तरी वीस वेळा तेच. शाळेत निबंधाला एकच शब्द परत वापरू नका असं शिकवलं होतं, ते इथे विसरून जा. शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं गोष्ट बदलली. आणि साम्य कमी करायचा खरा मार्ग तोच, आधीचा पेपर वाचा, मिटवा, त्यात काय होतं ते कोणालातरी मराठीत सांगा आणि मग लिहा. ते वाक्य तुमचंच असेल. संदर्भ मात्र द्यायचाच, शब्द आपले असले तरी विचार त्यांचा आहे.

एआयला ड्राफ्ट सुधारायला देता, द्या, माझी हरकत नाही, पण जर्नलचा नियम बघून आणि तसं जाहीर करून. आणि परत आलेलं प्रत्येक वाक्य आपल्या तक्त्याशी ताडून बघा. भाषा गुळगुळीत करताना ते "फरक दिसला नाही"चं "परिणाम सारखाच आहे" कधी करून टाकतं ते कळतही नाही, आणि वर सांगितलंच की त्यात किती अंतर आहे.

टायटल शेवटी लिहा, ॲबस्ट्रॅक्ट त्याच्या आदल्या दिवशी. टायटलमध्ये "स्टडीज ऑन" नको. पीक, रोग, उपाय आणि ठिकाण एवढं आलं तरी पुरे.

आणि ॲक्नॉलेजमेंट. मार्गदर्शक, प्राचार्य, संस्था सगळ्यांचे आभार असतात, ज्यांची बाग वापरली ते मात्र बऱ्याचदा "अ लोकल फार्मर" होऊन जातात. त्यांनी काही ओळी न फवारता सोडल्या, कंट्रोल म्हणून, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर डावणी वाढू दिली. ज्याने बाग पोटच्या पोरासारखी वाढवलीये त्याला हे किती जड जातं ते बघितलंय मी. त्यांना विचारा, चालत असेल तर पूर्ण नाव, गाव, तालुका छापा. आणि पेपर आला की त्यांना पीडीएफ पाठवून मोकळे होऊ नका, एक पान मराठीत लिहून हातात द्या. कुठल्या ओळीत काय मारलं होतं, छाटणीनंतर कितव्या दिवशी, डावणी किती राहिली, खर्च किती आला, आणि पुढच्या हंगामात काय करून बघण्यासारखं आहे. माझ्याकडे ड्राफ्ट पाठवणार असाल तर यंदापासून हे एक पानही सोबत जोडा, मी आधी तेच वाचणार आहे.